मागच्या संकटासाठी बांधलेली घरे

मराठवाड्यातल्या जुन्या गावांत दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छतावर, पांढऱ्या मातीचा नवा थर चढत असे. गळती थांबवण्याचा तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांना जमणारा उपाय होता. आज्याने टाकलेल्या थरावर मुलाने आणि त्यावर नातवाने माती टाकली. जुनी माती आधी उकरून काढण्याची तसदी मात्र क्वचितच कुणी घेतली. असे करता करता दीड-दोन फुटांचे झालेले छत आणि ते तोलून धरणाऱ्या, मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटे असताना, झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत सरकारी आकडेवारीनुसारही साडेसात हजारांहून अधिक माणसे दगावली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. तेवढ्या हादऱ्यात माणसे एवढ्या संख्येने मरावीत असे त्या हादऱ्यात काही नव्हते. ते त्या छतांत होते.

त्यानंतर जे झाले ते माणसांच्या स्वभावाला धरूनच झाले. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, जुन्या गावांतल्या लोकांनीही हात पोचेल तशी माळवदे उतरवली आणि मराठवाड्याच्या मनात एक हिशेब पक्का बसला: माती म्हणजे मरण, सिमेंट म्हणजे जगणे. ज्याला परवडले त्याने स्लॅब टाकला, ज्याला परवडले नाही त्याने पत्रा टाकला. पत्रा निदान अंगावर पडून जीव घेत नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र होते आणि ते चूक नव्हते. फक्त ज्या संकटाला ते उत्तर होते ते येऊन गेले होते, आणि जे संकट पुढे दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत येणार होते त्याचा विचार या हिशेबात कुठेच नव्हता. दुपारी दोन वाजता पत्र्याखाली बसलेल्या माणसाला जो ताप सोसावा लागतो तो बाहेरच्या सावलीतल्या हवेपेक्षा जास्त असतो, हे सांगायला तापमापकाची गरज नाही. म्हणून तर अशा घरांतली माणसे दुपारी घरात थांबत नाहीत. लिंबाखाली, देवळात, समाजमंदिरात जाऊन बसतात.

बदलत्या हवामानात बांधकाम कसे असावे याची चर्चा आपल्याकडे बहुधा नव्या साहित्याच्या, नव्या तंत्राच्या किंवा ‘हरित’ प्रमाणपत्रांच्या अंगाने होते. माझे म्हणणे त्याहून साधे आहे. आपण घरे बांधतो ती मागच्या संकटासाठी बांधतो, आणि एका संकटाचे उत्तर शोधताना दुसऱ्या संकटाला दार उघडून देतो. भूकंपाला भिऊन पत्रा घातला की घर तापते. गळतीला कंटाळून गच्चीवर शेड उभारली की ती वादळात उडते. पुराला घाबरून इमारत खांबांवर उचलली की ती भूकंपाला नाजूक होते. हवामान स्थिर होते तोवर हा खेळ परवडण्यासारखा होता, कारण एका प्रदेशाचे एक मुख्य संकट ठरलेले असे. आता तशी वाटणी राहिलेली नाही. कोकणाला वादळ आणि पूर, विदर्भाला उष्मा आणि ढगफुटीसारखा पाऊस, मराठवाड्याला उष्मा, टंचाई आणि जमिनीखालचा धोका, असे सारे एकाच घराच्या वाट्याला येते. एकच छत या साऱ्यांना पुरे पडले पाहिजे.

छताचाच आग्रह का, असे कुणी विचारील. त्याचे कारण आकाशात आहे. महाराष्ट्र ज्या अक्षांशांवर आहे तिथे सूर्य उन्हाळ्यातच बरोबर डोक्यावर येतो. लातूर-सोलापूरच्या पट्ट्यात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि नागपुरात चौथ्या आठवड्यात ‘शून्य सावली’चा दिवस असतो; त्या दिवसांत दुपारी उन्हाचा जवळपास सगळा मारा छतावर होतो, दक्षिणेच्या भिंतीवर जेमतेम ऊन पडते आणि उरलेला त्रास संध्याकाळी पश्चिमेची भिंत देते. (वास्तुशास्त्राच्या नावाखाली स्वयंपाकघराची दिशा ठरवायला आपण जेवढा वेळ घालवतो, त्याच्या निम्मा वेळ जरी पश्चिमेच्या खिडकीवर सावली धरण्यात घालवला असता तर कितीतरी घरे राहण्याजोगी झाली असती.) पाच-सहा इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता काही तासांनी खालच्या बाजूला पोचते, म्हणजे नेमकी माणसे कामावरून परत येऊन टेकायच्या वेळेला. पंखा मग छताजवळची तापलेली हवाच खाली ढकलत राहतो. उष्म्याच्या लाटेत शरीराला सावरायला रात्रीचा गारवा लागतो. स्लॅबचे घर तो गारवाच हिरावून घेते. जुन्या माळवदाची माती हीच उष्णता इतकी उशिरा आणि इतकी बोथट करून आत सोडत असे की घरातल्या माणसाला ती जाणवत नसे, आणि रात्री तर घर सोडून त्याच माळवदावर झोपायची सोय होती. उष्म्याचे उत्तर म्हणून माळवद उत्तम होते. भूकंपाचे उत्तर म्हणून ते जीवघेणे होते. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत, आणि आपली अडचण अशी की चर्चेत उतरणारा प्रत्येक जण यांतले एकच वाक्य घेऊन येतो.

सरकारी भाषेने या गोंधळात भर घातली आहे. आपल्याकडे घराची प्रत ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ या दोन शब्दांत ठरते आणि तो निवाडा साहित्यावरून होतो. जनगणनेच्या व्याख्येत विटांच्या भिंती आणि पत्र्याचे छत असलेले घर पक्क्यांत मोडते, आणि मातीच्या भिंतींचे घर, ते कितीही नीट बांधलेले आणि राखलेले असले, तरी त्या मानाला मुकते. घर उन्हात, वाऱ्यात, पाण्यात कसे वागते हा प्रश्न या वर्गवारीत कुठेच येत नाही. ‘पक्के घर’ हा मग केवळ निवारा राहत नाही, तो दर्जा होतो. स्लॅबचे घर असले की मुलाच्या सोयरिकीला अडचण येत नाही, चोराची भीती कमी होते, गच्चीवर धान्य वाळवता येते आणि पुढेमागे वर एक मजला चढवता येईल म्हणून खांबांचे गज मोकळे सोडता येतात. या कारणांना हसणे सोपे आहे, पण ती खरी कारणे आहेत. ‘लोकांनी पुन्हा मातीकडे वळावे’ असा उपदेश शहरातल्या वातानुकूलित सभागृहातून करणाऱ्यांनी त्यांचा विचार आधी करायला हवा.

शिवाय ज्या काँक्रीटवर आपण एवढा विश्वास टाकला आहे ते काँक्रीट आपल्या हवेत नीट तयार तरी होते का, हेही पाहिले पाहिजे. खेड्यातले बांधकाम पावसाळ्यापूर्वी उरकायचे म्हणून स्लॅब पडतो तो बहुधा एप्रिल-मे महिन्यांत. काँक्रीट ओतताना त्याचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाऊ नये असा दंडक आहे, आणि मराठवाडा-विदर्भात त्या दिवसांत सावलीतली हवाच चाळिशी ओलांडते. त्यानंतर पाणी मारायचे. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि आज बाजारात सर्रास मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा हवा. कोरड्या आणि उष्ण हवेत हाच काळ अनुक्रमे दहा आणि चौदा दिवसांचा होतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. ज्या गावात हंडाभर पाण्यासाठी रांग लागते तिथे स्लॅबवर चौदा दिवस आळी करून पाणी साठवा, असे सांगणार कोण आणि ऐकणार कोण? म्हणजे भूकंपाच्या भीतीने ज्या सिमेंटचा आसरा घेतला, ते टंचाईने आतून कच्चे राहिले, आणि वरून पाहणाऱ्याला ते मुळीच दिसत नाही. हवामानबदलाचा बांधकामाशी असलेला संबंध इतका जमिनीवरचा आहे. तो हिमनगांपासून सुरू करण्याची गरज नाही.

आता कोकणात उतरू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, दापोली, मंडणगड या भागांतली हजारो छपरे उघडी पडली. वाऱ्याचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास होता. आता हे पाहा: इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचे जे भारतीय मानक आहे त्यात मुंबईसाठी मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. थोडक्यात, निसर्गचा वारा अभियंत्याच्या कागदावरच्या वाऱ्यापेक्षा मोठा नव्हता. छपरे उडाली ती कागद त्या छपरांपर्यंत कधी पोचलाच नव्हता म्हणून. कौलारू किंवा पत्र्याच्या घराचे संकल्पन कुणी करत नाही; सुतार आणि गवंडी ते अनुभवाने उभे करतात, आणि त्यांचा अनुभव मुसळधार पावसाचा होता, चक्रीवादळाचा नव्हता. वारा छपराला दाबत नाही, तो त्याला वर उचलतो, आणि हा उचल वळचणीला, कोपऱ्यांना आणि पाखीच्या कडांना सर्वांत जास्त असतो. तिथे पत्रा वाशाला कोणत्या हुकाने आणि किती अंतरावर बांधला आहे, वासा भिंतीत नुसता टेकवला आहे की पट्टीने आवळला आहे, आणि पडवीचे छप्पर मुख्य छपराचाच लांबवलेला भाग आहे की वेगळे आहे, यावर घर वाचते किंवा जाते. पडवी वेगळी असेल तर ती एकटी जाते. सलग असेल तर वारा तिच्या पोटात शिरून सगळे छप्पर सोबत नेतो. यांतल्या कशालाही फार पैसा लागत नाही.

वादळानंतर काय झाले? कौले मिळेनात आणि घर शाकारणारे हातही आता गावोगाव कमी झालेले, म्हणून पुष्कळांनी पत्रे घातले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. कौलांच्या सांध्यांमधून घराची गरम हवा बाहेर पडत असे. पत्र्याला ती वाट नाही. दमट हवेत पंखा आणि वारा हाच माणसाचा आधार असताना आपण छपराचा श्वास बंद केला. पुन्हा तेच: मागच्या संकटाचे उत्तर. आणखी एक गोष्ट इथे नोंदवण्यासारखी आहे. २०१५ साली सुधारलेल्या त्याच मानकात, वादळानंतरही उभ्या राहिल्याच पाहिजेत अशा इमारतींसाठी, म्हणजे निवारा केंद्रे, रुग्णालये, शाळा यांच्यासाठी, वाऱ्याचा भार वाढवून धरण्याची तरतूद आहे. पण ती पूर्व किनाऱ्यासाठी आणि गुजरातच्या किनाऱ्यासाठी आहे. कोकण त्या यादीत नाही. अरबी समुद्र शांत आहे या जुन्या अनुभवावर ती यादी बेतलेली आहे. अनुभव बदलला, यादी बदलायची आहे.

असे पहिल्यांदाच घडत नाही. किल्लारीचा परिसर १९८४ च्या भूकंपविषयक मानकात पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. माणसे मेल्यावर तो विभाग धोक्याचा ठरला आणि २००२ च्या सुधारणेत पहिला विभागच रद्द करण्यात आला. मुंबईची पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा ती क्षमता दुप्पट करण्याची शिफारस अहवालात बारा वर्षे पडून होती. मानके मागे पाहूनच लिहिली जातात, त्यात लिहिणाऱ्यांचा दोष नाही. पन्नास वर्षांच्या नोंदींवरून पुढच्या पन्नास वर्षांचा अंदाज बांधणे हाच त्यांचा पाया आहे. पण पुढची पन्नास वर्षे मागच्यासारखी नसतील हे एकदा मान्य केल्यावर पायाच बदलावा लागतो, आणि ते धाडस अजून कोणत्याही खात्याने केलेले दिसत नाही.

पुराच्या बाबतीत गोष्ट अधिक गुंतागुंतीची होते. राज्यात नद्यांना निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन रेषांच्या मधे जोते लाल रेषेच्या वर उचलण्याच्या अटीवर परवानगी, असा नियमाचा गाभा आहे. सांगली-कोल्हापूरने २०१९ मध्ये आणि चिपळूण-महाडने २०२१ मध्ये जे पाणी पाहिले त्यानंतर या रेषांचा पुनर्विचार करावा लागणार हे उघड आहे, पण मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे. एक-दोन घरांनी जोते उचलले तर ती घरे वाचतात. सगळ्या वस्तीने भराव टाकून जोती उचलली तर पाण्याची जागाच जाते आणि ते शेजारच्या जुन्या, सखल घरांत शिरते. म्हणून बिल्डर दुसरा मार्ग काढतो: तळमजला मोकळा ठेवून खांबांवर इमारत. पाण्याला वाट राहते, गाड्यांनाही जागा होते, सगळे खूश. मात्र २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती कोसळल्या त्यांत अशा मोकळ्या तळमजल्याच्या इमारती ठळकपणे होत्या, कारण वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खालचा मजला नुसत्या खांबांवर लवचीक, असा विषम देह हादऱ्यात खालच्याच मजल्यात मोडतो. चिपळूण कोयनेच्या भूकंपप्रवण क्षेत्रापासून फार दूर नाही. तिथे खांबांवर इमारत उभी करू नये असे माझे म्हणणे नाही. तिथल्या खांबांच्या मधे मोजक्या ठिकाणी काँक्रीटच्या भिंती घालाव्यात, त्या प्रवाहाच्या दिशेला समांतर ठेवाव्यात, विजेचे मीटर, पंप आणि जनरेटर वरच्या मजल्यावर न्यावेत, म्हणजे एकाच रचनेत दोन्ही संकटांचा विचार होतो. अभियंत्याला यात अवघड काहीच नाही. अवघड आहे ते हे, की पूररेषा जलसंपदा खाते पाहते, परवानगी नगरपालिका देते, भूकंपाचे मानक दिल्लीत लिहिले जाते आणि उष्म्याची संहिता ऊर्जा खात्याच्या कपाटात असते. घर एक आहे, पण त्याची चार संकटे चार टेबलांवर वाटून दिलेली आहेत.

शहरांत तर या चारही टेबलांवर एकच आकडा राज्य करतो, तो चटईक्षेत्राचा, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल याचा. सावली देणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे खोल बाल्कनी, रुंद छज्जा, जाड भिंत, जागा खाते. एके काळी यांतल्या काही गोष्टी चटईक्षेत्रात मोजल्या जात नसत. मग बाल्कन्या बंद करून खोल्या झाल्या, फ्लॉवर बेडच्या नावाखाली खिडकीच्या खाली फूटभर जमीन विकली गेली, आणि अखेर मुंबईत जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलून हे सारे मोजले जाऊ लागले. बदल्यात निवासी इमारतींना अधिमूल्य भरून ३५ टक्के ‘फंजिबल’, म्हणजे हवे तिथे वापरता येणारे जादा, चटईक्षेत्र देण्यात आले. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता उर्वरित राज्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित नियमावलीनेही इमारतीच्या बाह्यरेषेच्या आतले बहुतेक सारे मोजण्याचा मार्ग पत्करला. गैरव्यवहार थांबवायला हा बदल योग्यच होता. त्याचा परिणाम असा झाला की ज्या चौरस फुटाचे पैसे मोजायचेच आहेत तो बाहेर सावलीत कोण सोडणार? सावलीची चोरी झाली म्हणून आपण सावलीवरच कर बसवला. परिणामी पुण्यापासून नागपूरपर्यंत नव्या इमारतींच्या पश्चिम भिंती उघड्या, सपाट आणि काचेच्या सरकत्या खिडक्यांच्या आहेत, आणि मायवान शटरिंगमुळे (भिंती आणि स्लॅब एकदम ओतण्याच्या ॲल्युमिनियमच्या साच्यांमुळे) त्या भिंतीही आता विटेच्या राहिल्या नाहीत. त्या सहा इंचांच्या सलग काँक्रीटच्या असतात, ज्यातून विटेच्या साधारण दुप्पट उष्णता वाहते. काम वेगाने होते, भूकंपाला इमारत उत्तम तोंड देते, आणि घर घेणारा पहिल्या उन्हाळ्यात एसी बसवतो.

एसी हेच उत्तर का मानू नये? विदर्भातल्या सत्तेचाळीस अंशांत आजारी माणसाला, तान्ह्या मुलाला लागणाऱ्या एसीची चैन म्हणून हेटाळणी करणे मला पटत नाही. काही घरांत, काही दिवशी तो औषधासारखाच आहे. पण एसी खोलीतली उष्णता गल्लीत टाकतो, आणि त्या गल्लीतच पत्र्याखाली राहणारे कुटुंबही असते. वीज गेली की, आणि वीज जाते ती नेमकी सर्वांत जास्त मागणीच्या दुपारी, एसीवर विसंबून बांधलेले घर भट्टी होते. घर असे हवे की वीज नसताना त्यात माणूस जिवंत आणि बऱ्यापैकी शुद्धीत राहील. त्यानंतर ज्याला परवडेल त्याने हवा तो यंत्राचा गारवा घ्यावा.

नियम नाहीत असेही नाही. केंद्र सरकारने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला प्रति चौरस मीटर १५ वॅटची मर्यादा आहे आणि छतातून उष्णता किती वेगाने वाहावी याचीही मर्यादा आहे. उघडा स्लॅब ती मर्यादा अडीच-तीन पटींनी ओलांडतो. ही संहिता पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे. म्हणजे अर्ध्या गुंठ्यात, एक गुंठ्यात, गावठाणात स्वतःच्या पैशांनी घर बांधणारी माणसे, ज्यांना एसी परवडणार नाही आणि ज्यांच्या डोक्यावर थेट छत असते, ती तिच्या बाहेरच आहेत. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण जाहीर करून काही वर्गांतल्या नव्या इमारतींना ते बंधनकारक केले. अहमदाबादने २०१३ च्या आपल्या उष्मा कृती आराखड्याच्या जोडीने पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे काम केले. चांगले आहे, पण यातही मागच्याच चुकीची शक्यता आहे. पांढरा रंग धुळीने दोन उन्हाळ्यांत मळतो, कोकणात तर शेवाळाने पहिल्याच पावसात काळा पडतो, आणि पत्रा पांढरा केला म्हणून त्याचा हूक घट्ट होत नाही. सोलापूरला जे छत हवे ते रत्नागिरीला नको. आपल्याकडे गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर देण्याची जी जुनी रीत आहे ती गळती आणि उष्मा दोन्ही अडवते, शिवाय गवंड्यांना ती येते. तिच्या जागी आज काळ्या डांबरी शीट अंथरल्या जातात. पाणी थांबते, ऊन दुपटीने शोषले जाते.

जुन्या वाड्यांकडे परत चला, या सुराचाही इथे विचार केला पाहिजे, कारण मराठी वाचकाला तो फार गोड लागतो. ओसरी, चौक, माजघर, खण मोजून केलेली रचना, दोन फूट भिंत: हे सारे हवामानाचे उत्तम ज्ञान होते यात शंका नाही. पण त्या वाड्यांमागे सागाचे लाकूड, फुकट किंवा वेठीची मजुरी आणि प्रशस्त जागा होती, आणि वाड्याबाहेर राहणाऱ्यांच्या नशिबी तेव्हाही कुडाची झोपडीच होती. त्यातून घ्यायची ती तत्त्वे: डोक्यावरचे वजन हलके पण उष्णतेला जड, भिंतीला सावली, हवेला समोरासमोर दोन वाटा. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेला ‘फिलर स्लॅब’, ज्यात स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटऐवजी कौले बसवली जातात, सिमेंट वाचवतो, वजन घटवतो आणि अडकलेल्या हवेमुळे उष्णताही अडवतो. तुळई आणि लिंटेलच्या (दार-खिडकीच्या माथ्याच्या) पातळीवर सलग पट्टे असलेल्या विटेच्या किंवा दगडाच्या भिंती भूकंपात एकसंध राहतात, हे किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात शेकडो गवंड्यांना शिकवले गेले होते. त्या गवंड्यांची पुढची पिढी आज पुण्यात शटरिंगच्या कामावर आहे.

ही तत्त्वे ज्या एका योजनेत सहज उतरवता येतील ती सरकारची स्वतःची आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला २०१६ च्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर जागा असा हिशेब होता. पुढे राज्याने त्यात भर घालण्याची घोषणा केली. एवढ्या पैशांत छत म्हणजे पत्रा किंवा जेमतेम पातळ स्लॅब. हवामानानुसार घरांचे नमुने केंद्राच्या ग्रामविकास खात्याने तयार करून घेतले आहेत, पण तालुक्याच्या अभियंत्याच्या टेबलावर ते सहसा दिसत नाहीत, आणि दिसले तरी लाभार्थ्याला मिळणारी रक्कम सोलापुरात आणि श्रीवर्धनात तीच असते. माझी मागणी अशी आहे की प्रत्येक तालुक्यासाठी एका पानाचा, मराठीत लिहिलेला, गवंड्याला वाचता येईल असा दंडक असावा: इथला वारा किती, इथले पाणी कुठवर, इथला भूकंप विभाग कोणता, इथला उन्हाळा केवढा, आणि या चारही गोष्टी मिळून छत, जोते, पट्टे आणि खिडकी कशी. त्या पानाप्रमाणे बांधणाऱ्याला त्यासाठी लागणारी जादा रक्कम, छतासाठी म्हणून वेगळी, मिळावी. शहरांत सावलीच्या छज्ज्याला चटईक्षेत्रातून सूट द्यावी, पण तो इतका अरुंद आणि उघडा असावा की त्यावर खोली करता येणार नाही. चोरी रोखायला सावली बंद करण्यापेक्षा सावलीचे माप ठरवणे बरे.

तपासणी कोण करणार, हा नेहमीचा आक्षेप इथे लागू पडत नाही, कारण घरकुलाची तपासणी आजही होते. कामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्ते मिळतात आणि प्रत्येक टप्प्याचे, जागेच्या नोंदीसह, छायाचित्र मोबाइलवरून चढवावे लागते: जोते झाले, लिंटेल झाले, छत झाले. त्या छायाचित्रात घरासमोर उभे कुटुंब दिसते आणि मागे छत आहे एवढे दिसते. पत्र्याच्या कडेला हूक किती अंतरावर आहेत, लिंटेलचा पट्टा चारही भिंतींवर सलग फिरला आहे का, छताच्या खाली किंवा वर उष्णता अडवणारा काही थर आहे का, हे त्यात दिसत नाही, कारण ते कुणी विचारलेले नाही. त्याच मोबाइलवर, त्याच हप्त्यासाठी, आणखी तीन छायाचित्रे मागता येतील: एक वळचणीच्या कोपऱ्याचे, एक भिंतीच्या सांध्याचे आणि एक छताच्या खालून वर पाहिलेले.